तोफांच्या रानातला सुतार

पोरांनो, आजची गोष्ट एका झाडापासून सुरू होते. हे झाड रुजल्यावर पहिली काही वर्षं झाड म्हणून ओळखूच येत नाही. वाळूत हिरव्या लांब सुयांचा एक झुपका दिसतो, एवढंच. शेजारून जाणारा माणूस गवत समजून तुडवून जाईल. दोन वर्षं, चार वर्षं, कधी कधी त्याहूनही जास्त काळ ते तसंच जमिनीलगत बसून असतं. बघणाऱ्याला वाटतं, याची वाढ खुंटली. पण त्याची सगळी धडपड खाली चाललेली असते. सोटमूळ वाळूत खोल जात असतं आणि पुढच्यासाठी अन्न साठवत असतं. मग एका वसंतात ते उठतं आणि फांद्या न फोडता सरळ वर जातं. बघता बघता माणसाच्या उंचीच्या पुढे निघून जातं.

एवढी वाट कशाची बघत होतं ते? तर वणव्याची. म्हणजे वणव्यातून सुटण्याची. गवताच्या रूपात असताना आग आली तर बाहेरच्या सुया जळतात. मधोमध दडलेल्या कोंबापर्यंत आच पोचेपर्यंत आग पुढे सरकलेली असते. त्या जळालेल्या सुया कोंबाचं रक्षण करूनच जळतात. पुढे झाड मोठं झालं की जाड साल त्याला सांभाळते. धोका असतो तो मधल्या काळात, जेव्हा कोंब नेमका ज्वाळांच्या उंचीवर असतो. म्हणून तेवढं अंतर ते झपाट्याने पार करतं. त्यासाठीच आधी इतकी वर्षं मुळाशी साठवण केलेली असते.

या झाडाचं नाव लाँगलीफ पाइन. नावाप्रमाणे त्याच्या सुया लांब, हातभर म्हटलं तरी चालेल. अमेरिकेच्या आग्नेय भागात, व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत, एके काळी याचं रान सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलं होतं. आपल्या सबंध महाराष्ट्राहून मोठं. झाडं दूर दूर उभी, खाली गुडघाभर गवत, मधून सूर्यप्रकाश थेट जमिनीवर. घोडा दौडवता येईल असं मोकळं रान. ते मोकळं राहायचं ते आगीमुळे. वीज पडायची, गवत पेटायचं, दर दोन-तीन वर्षांनी आग जमिनीलगत धावून जायची. तिथले मूळ रहिवासीही जाणूनबुजून रान पेटवायचे. आग आली नाही की ओक आणि बाकीची झुडपं वर येतात, सावली करतात आणि पाइनची रोपं त्या सावलीत मरतात. तिथलं वायरग्रास नावाचं गवत तर उन्हाळ्याच्या दिवसांत जळल्यावरच भरघोस फुलतं. आग हा त्या रानाचा ऋतूच होता.

मग माणसांनी त्या रानाकडे जहाजं म्हणून बघितलं. लाकडी जहाजांच्या फटी बुजवायला डांबर लागायचं, दोरखंडांना लागायचं, आणि ते या पाइनच्या राळेपासून निघायचं. नॉर्थ कॅरोलायना हा प्रांत डांबर आणि टर्पेंटाइनसाठी जगभर प्रसिद्ध झाला. झाडांच्या सालीवर वार करून राळ काढली, राळ संपल्यावर झाड तोडलं, जमीन मोकळी झाल्यावर शेत केलं किंवा लवकर वाढणारा दुसरा पाइन लावला. वणवे विझवायला माणसं नेमली. ९ कोटी एकरांपैकी शेवटी ३० लाख एकरांच्या आसपास उरलं. जुनी झाडं तर अगदी तुरळक. नॉर्थ कॅरोलायनातल्या सदर्न पाइन्स या गावाजवळ वेमथ वुड्स नावाचं राखीव रान आहे. तिथलं एक लाँगलीफ पाइन १५४८ सालचं आहे आणि अजून जिवंत आहे. शिवाजी महाराज जन्माला यायला तेव्हा ८२ वर्षं होती. असं झाड उभं आहे म्हणून कळतं तरी की मूळ रान काय होतं.

आता या रानातल्या सुताराकडे येऊ. रेड-कॉकेडेड वुडपेकर हे त्याचं इंग्रजी नाव. आपण त्याला लालरेघी सुतार म्हणू, कारण नराच्या काळ्या टोपीच्या कडेला एक बारीक लाल रेघ असते. ती इतकी बारीक की दुर्बीण लावूनही बहुतेक वेळा दिसत नाही. पक्षी वीतभर, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, पाठीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्या, गालावर मोठा पांढरा ठसा.

तुम्ही आपल्याकडचे सुतार पक्षी पाहिलेत. ते वाळलेलं, किडकं लाकूड शोधतात, कारण ते पोखरायला सोपं. हा लालरेघी सुतार मात्र जिवंत पाइनमध्येच घर करतो. जिवंत पाइनला भोक पाडलं की राळ वाहते, चिकट, दाट. त्यात छोटा पक्षी अडकून मरू शकतो. मग हा काय करतो? झाडाच्या बाहेरच्या लाकडातून आत जाणारा बोगदा तो किंचित वरच्या दिशेने खोदतो, म्हणजे राळ बाहेर वाहून जाते. बोगदा झाडाच्या गाभ्यापर्यंत पोचला की मग खाली वळतो. गाभ्यात राळ वाहत नाही. पण गाभा कठीण असतो. म्हणून तो म्हातारी झाडं निवडतो, साधारण ऐंशी वर्षांच्या पुढची, ज्यांच्या गाभ्याला एका बुरशीने आतून मऊ केलेलं असतं. एवढं करूनही घर तयार व्हायला वर्षं लागतात. कधी कधी एका पक्ष्याने सुरू केलेलं भोक दुसरा पुरं करतो.

आणि घर झालं तरी काम थांबत नाही. भोकाच्या भोवती तो सालीला छोटे छोटे घाव करत राहतो, रोज. त्यातून राळ झिरपते आणि खोडावरून खाली ओघळत सुकत जाते. अशी झाडं लांबून ओळखू येतात, कारण खोडावर पांढुरक्या राळेचे थर चढलेले असतात. हे कशासाठी? तिथले रॅट स्नेक नावाचे साप झाडावर सरसर चढतात आणि अंडी, पिल्लं खातात. साप चढतो तो पोटाच्या खवल्यांनी साल पकडून. राळ लागली की खवले चिकटतात, पकड सुटते आणि साप वर जाऊ शकत नाही. पक्षी स्वतःची तटबंदी स्वतः रोज लिंपतो, झाडाच्याच द्रव्याने.

या सुतारांचं कुटुंबही पाहण्यासारखं. प्रत्येक मोठ्या पक्ष्याला झोपायला स्वतःचं वेगळं भोक लागतं. पिल्लं मोठी झाली की मुली बहुधा दुसरीकडे जातात; मुलगे मात्र कितीदा आईबापांपाशीच राहतात. पुढच्या वर्षी धाकटी भावंडं आली की हे थोरले भाऊ अंडी उबवायला बसतात, किडे आणून भरवतात. का राहतात? कारण बाहेर गेलं तर राहायला घर नाही. नवं घर खणायला वर्षं लागणार, तेवढ्यात साप नाहीतर ससाणा गाठणार. त्यापेक्षा थांबावं, बाप गेला की त्याचं भोक, त्याची हद्द आपल्याकडे येईल. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा: या पक्ष्याला कमी पडतं ते घर. अन्न नव्हे, जोडीदारही नव्हे. पुढे हेच कामाला आलं.

१९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकी लष्कराने नॉर्थ कॅरोलायनाच्या सँडहिल्स भागात, म्हणजे वाळूच्या टेकड्यांच्या भागात, तोफखान्याच्या सरावासाठी जागा घेतली. वाळूत शेती धड होत नव्हती, म्हणून जमीन स्वस्त होती. तिथे कॅम्प ब्रॅग झाला, पुढे फोर्ट ब्रॅग. मधल्या काळात, २०२३मध्ये, त्याचं नाव बदलून फोर्ट लिबर्टी केलं, २०२५मध्ये पुन्हा फोर्ट ब्रॅग. आज ही छावणी दीड लाख एकरांहून मोठी आहे, आणि छत्रीधारी सैनिकांची ८२वी एअरबोर्न तुकडी इथलीच.

आता बघा काय झालं. छावणीच्या बाहेर झाडं तोडली जात होती, शेतं होत होती, वणवे विझवले जात होते. छावणीच्या आत तोफा चालत होत्या. तोफगोळा पडला की गवत पेटायचं. जिथे न फुटलेले गोळे पडलेले असतात तिथे आग विझवायला कोण जाणार? ती आपली आपण जळत जायची आणि आपली आपण विझायची. शंभर वर्षांपूर्वी विजेने जे काम केलं ते आता तोफा करत होत्या. म्हणून रान मोकळं राहिलं, गवत राहिलं, म्हातारे पाइन राहिले, आणि सुतारही राहिले. लष्कराला पक्षी वाचवायचे नव्हते. त्यांना ते आहेत हेही आधी फारसं ठाऊक नसावं. पण देशातले उरलेसुरले लालरेघी सुतार मोठ्या संख्येने अशा लष्करी जमिनींवर सापडले.

१९७०मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला आणि १९७३मध्ये अमेरिकेत त्यासाठीचा कडक कायदा आला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सगळ्या देशात मिळून या पक्ष्यांच्या अवघ्या १,४७० वसाहती उरल्या होत्या. १९९० साली वन्यजीव खात्याने लष्कराला लेखी कळवलं, की फोर्ट ब्रॅगवरचा सराव असाच चालला तर या पक्ष्याचं अस्तित्व धोक्यात येईल. झालं! सुताराच्या प्रत्येक झाडाला पांढऱ्या रंगाचे पट्टे मारले गेले. झाडापासून २०० फुटांच्या आत खंदक खणायचा नाही, वाहन उभं करायचं नाही, तळ ठोकायचा नाही. युद्धाचा सराव करणाऱ्या सैनिकाला नकाशावर शत्रूच्या जागांबरोबर सुतारांच्या जागाही बघाव्या लागू लागल्या. सैन्यात चिडचिड झाली, आणि ती समजण्यासारखी होती. ज्याच्या हद्दीत पक्षी टिकला, त्याच्यावरच सगळी बंधनं आली होती.

याहून वाईट हद्दीबाहेर चाललं होतं. कायदा म्हणायचा, तुमच्या खाजगी जमिनीवर हा सुतार राहत असेल तर त्याच्या भोवतीची झाडं तुम्ही तोडू शकत नाही. जमीनमालकाने विचार केला: आज माझ्याकडे पक्षी नाही, पण झाडं म्हातारी झाली की येईल, आणि आला की माझंच लाकूड माझ्या हातून जाईल. मग आत्ताच तोडलेलं बरं. डीन ल्यूक आणि जेफ्री मायकल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की सुतारांच्या वसाहती जितक्या जवळ, तितकी झाडं लवकर तोडली जात होती. मला ही सगळ्या गोष्टीतली सगळ्यात दुःखाची बाब वाटते. पक्ष्याला वाचवायचा कायदा होता, हेतू चांगला होता, आणि त्याच कायद्याच्या भीतीने पक्ष्याचं उद्याचं घर कापलं जात होतं. यात जमीनमालकही दुष्ट नव्हता. त्याला भीती वाटत होती, एवढंच.

भीती घालवायला किती पैसे लागतात? फारच थोडे. १९९५ साली सँडहिल्समध्ये एक नवा करार सुरू झाला. त्याला त्यांनी सेफ हार्बर म्हटलं, सुरक्षित बंदर. मायकल बीन या पर्यावरण कायद्याच्या वकिलाने त्याची कल्पना मांडली. करार साधा होता. आज तुमच्या जमिनीवर सुतारांची किती कुटुंबं आहेत ते मोजू आणि कागदावर लिहू. तेवढी तुम्ही सांभाळायची. समजा शून्य आहेत, तर शून्य लिहू. आता तुम्ही झाडं म्हातारी होऊ द्या, झुडपं काढा, रान जाळा. त्यामुळे उद्या दोन, चार, दहा कुटुंबं आली, तर त्या वाढीव पक्ष्यांमुळे तुमच्यावर एकही नवं बंधन येणार नाही. पुढे कधी तुम्हाला जमीन पहिल्यासारखी वापरायची असेल, तर कागदावरच्या आकड्यापर्यंत परत जायची मुभा आहे.

सगळ्यात आधी सही केली ती पाइनहर्स्ट रिसॉर्टने, म्हणजे गोल्फच्या मैदानांसाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणाने. मग घोड्यांचे फार्मवाले आले, पाइनच्या सुया विकणारे आले. तिकडे लाँगलीफच्या गळलेल्या सुया गोळा करून बागेत अंथरायला विकतात, चांगला धंदा आहे तो. म्हणजे झाड न तोडताही दर वर्षी पैसे मिळतात. पुढे दुसऱ्या राज्यांनीही हाच करार उचलला. सरकारने यात जमीन घेतली नाही, भरपाई दिली नाही. दिला तो शब्द, आणि तो पाळला. जमिनीवरच्या जीवाला सांभाळण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पण सगळं शब्दावर भागत नाही. फोर्ट ब्रॅगच्या कुंपणाला लागून असलेली जमीन कुणी बिल्डरला विकली तर? घरं होतील, दिवे लागतील, तोफांच्या आवाजाच्या तक्रारी येतील. रात्रीच्या अंधारात छत्र्यांनी उतरायचा सराव करणाऱ्या सैनिकाला शेजारच्या वस्तीचा उजेड नको असतो. आणि सुताराला रानाचे तुकडे नको असतात. घरातून बाहेर पडलेल्या तरुण मादीला पुढचं रान गाठता आलं पाहिजे. म्हणजे दोघांना एकच गोष्ट हवी होती. १९९५मध्येच लष्कराने नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेशी करार केला. पैसे बरेचसे लष्कराचे, जमिनीचा व्यवहार संस्थेचा. आणि शक्य तिथे जमीन विकत न घेता जमिनीवर इमारती बांधण्याचा फक्त हक्क विकत घ्यायचा.

हे नीट समजून घ्या. शेतकरी शेतकरीच राहतो. जमीन त्याचीच, ती तो विकू शकतो, मुलांना देऊ शकतो, सुया गोळा करू शकतो, शिकार करू शकतो. पण तिथे इमारती उभ्या करायचा हक्क त्याने पैसे घेऊन कायमचा सोडलेला असतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तशी ती नोंद जमिनीबरोबर जाते, मालक बदलला तरी. पूर्ण जमीन घेण्यापेक्षा खर्च कमी, वर जमीन सांभाळायला माणूस ठेवावा लागत नाही. तो माणूस आधीपासून तिथेच राहतो आहे. काही जमिनी पूर्णही मिळाल्या. छावणीच्या शेजारी जेम्स स्टिलमन रॉकफेलर यांचं लाँग व्हॅली फार्म होतं. हे गृहस्थ १९२४च्या ऑलिंपिकमध्ये वल्हवण्याचं सुवर्णपदक जिंकलेले आणि १०२ वर्षं जगलेले. २००४ साली ते गेले तेव्हा त्यांनी हे शेत नेचर कॉन्झर्व्हन्सीला देऊन ठेवलं होतं, आणि आज ते कार्व्हर्स क्रीक या राज्य उद्यानात आहे.

फोर्ट ब्रॅगचा हा प्रयोग इतका पटला, की २००२च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने कायद्यातच तरतूद केली: कुठल्याही लष्करी तळाला शेजारच्या जमिनींसाठी संस्थांबरोबर असे करार करता येतील. त्यातून आजवर देशभर १० लाख एकरांहून जास्त जमीन सांभाळली गेली आहे, आणि तिच्या खर्चातला मोठा वाटा लष्कराबाहेरच्या भागीदारांनी उचलला आहे.

आता घराच्या टंचाईकडे परत. १९८०च्या सुमारापासून जेफ्री वॉल्टर्स, फिलिप डोअर आणि त्यांचे सहकारी सँडहिल्समधल्या सुतारांच्या पायात रंगीत कड्या घालून त्यांची कुटुंबं ओळखत होते. त्यांच्या लक्षात आलं, की थोरले भाऊ घराअभावी अडून बसले आहेत. मग कॅरोल कोपयॉन यांनी जिवंत पाइनमध्ये ड्रिलने हुबेहूब तसंच भोक पाडायची पद्धत काढली. प्रयोग असा केला: रिकाम्या रानातल्या २० ठिकाणी भोकं पाडली आणि तुलनेसाठी तशीच २० ठिकाणं भोकांशिवाय सोडली. भोकं पाडलेल्या २०पैकी १८ ठिकाणी सुतार येऊन राहिले. सोडलेल्या २० ठिकाणी एकही नाही. पोरांनो, विज्ञानात इतकं स्वच्छ उत्तर फार क्वचित मिळतं.

डेव्हिड ॲलन यांनी आणखी सोपं केलं. चेनसॉने झाडात चौकोनी खाच पाडायची आणि त्यात भोक असलेला लाकडी खोका बसवायचा, फटी बुजवायच्या. याची परीक्षाही लगेच झाली. सप्टेंबर १९८९मध्ये ह्यूगो नावाचं चक्रीवादळ साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन रानावर आलं. एका रात्रीत सुतारांची घरं असलेली ८७ टक्के झाडं मोडली आणि ६३ टक्के पक्षी मेले. वाचलेल्या पक्ष्यांना झोपायला जागा नव्हती. तिथे माणसं खोके घेऊन झाडांवर चढली. जी घरं खणायला पक्ष्यांना वर्षं लागली असती ती माणसांनी दिवसांच्या हिशेबाने बसवली, आणि पक्षी त्यांत शिरले. जिथे दुसऱ्या जातीचे मोठे सुतार येऊन भोक रुंद करून टाकतात, तिथे भोकाभोवती धातूची पट्टी ठोकली की झालं. शिडी, करवत, खोका, पट्टी आणि उंचीची भीती नसलेला माणूस, एवढ्यावर एक वसाहत उभी राहते.

फोर्ट ब्रॅगच्या तोफांचं आणखी एक आश्रित आहे, त्याला विसरून चालणार नाही. सेंट फ्रान्सिस सॅटर नावाचं तपकिरी, साधं फुलपाखरू, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके. १९८३ साली ते पहिल्यांदा सापडलं, मग संग्राहकांनी ते संपवलं असं समजलं गेलं, आणि १९९२मध्ये ते पुन्हा दिसलं. जगात ते फक्त या छावणीत आहे. त्याला हवं असतं ओढ्याकाठचं ओलं गवताळ कुरण. अशी कुरणं बीव्हर तयार करतात. बीव्हर हा दात वापरून झाडं पाडणारा आणि ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. बांधामुळे झाडं बुडून मरतात, बीव्हर निघून जातो, बांध फुटतो आणि मागे कुरण उरतं. काही वर्षांनी तिथेही झुडपं वाढतात आणि फुलपाखरू जातं. निक हॅडड या शास्त्रज्ञाने बरीच वर्षं या फुलपाखराचा पाठपुरावा केला. सुरुवातीला वाटलं, त्याच्या जागा जपाव्यात, तिथे कुणाला जाऊ देऊ नये, काही बिघडू देऊ नये. आणि जपलेल्या जागांतली फुलपाखरं कमी होत गेली. सगळ्यात जास्त फुलपाखरं होती ती तोफगोळे पडतात त्या बंदिस्त भागात, जिथे आग वरचेवर यायची आणि बीव्हरला कुणी त्रास देत नव्हतं. मग हॅडड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीव्हरचं काम हाती घेतलं. ओढ्याकाठची झाडं कापली, तात्पुरते बांध घालून पाणी अडवलं, आणि तिथे फुलपाखरं परत वाढली. काही जीवांना निवांतपणा लागत नाही, त्यांना उलथापालथ लागते. हॅडड यांच्या आकड्यांपेक्षा मला त्यांची बदलायची तयारी जास्त मोलाची वाटते.

आपल्याकडेही लष्कराच्या हद्दीत टिकलेल्या या जीवांचा एक दूरचा भाऊ आहे. राजस्थानातल्या पोखरणच्या गोळीबार क्षेत्रात माळढोक राहतात. एके काळी आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लोक ज्याला बघायला जायचे तोच माळढोक. नान्नजला आता तो जवळजवळ दिसतच नाही. माळ नांगरला गेला की जमिनीवर अंडं घालणाऱ्या पक्ष्याला जागा राहत नाही, आणि लष्कराच्या हद्दीत नांगर चालत नाही.

तुमच्यातला एखादा हिशेबी असेल त्याच्यासाठी टेक्सासमधली एक युक्ती थोडक्यात सांगतो. तिथल्या फोर्ट हूड छावणीजवळ सोनगाली वॉर्बलर नावाचा पक्षी राहतो. तो म्हाताऱ्या जुनिपरच्या सालीचे धागे काढून घरटं विणतो. छावणीने शेजारच्या शेतकऱ्यांना विचारलं, तुमचं जुनिपरचं रान अमुक वर्षं सांभाळायला तुम्ही किती पैसे घ्याल? प्रत्येकाने आपली बोली बंद पाकिटात दिली, म्हणजे उलटा लिलाव. ज्याची बोली कमी आणि रान चांगलं, त्याच्याशी करार. त्याच छावणीत काळ्या टोपीच्या व्हिरिओ या पक्ष्याची घरटी काउबर्ड नावाचा पक्षी बिघडवायचा, स्वतःची अंडी त्यांत घालून. १९८७मध्ये दहातली नऊ घरटी अशी बिघडलेली होती. पिंजरे लावून काउबर्ड पकडायला सुरुवात केली आणि हे प्रमाण दहातल्या एकाच्याही खाली आलं. २०१८मध्ये व्हिरिओ धोक्यातल्या यादीतून बाहेर आला.

फोर्ट ब्रॅगकडे परत जाऊ. तिथल्या पूर्व सँडहिल्समधल्या सुतारांसाठी ठरवलेलं ३५० जोड्यांचं उद्दिष्ट २००६ साली, अपेक्षेच्या पाच वर्षं आधी, गाठलं गेलं. सैनिकांवरची बंधनं टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. झाडांवरचे पांढरे पट्टे तिथे सरावाच्या आड येईनासे झाले. सगळ्या देशात आता सुमारे ७,८०० वसाहती आहेत आणि ऑक्टोबर २०२४मध्ये हा पक्षी 'धोक्यात' या वर्गातून 'संभाव्य धोक्यात' या एक पायरी खालच्या वर्गात आला. भरलेल्या रानांतून रिकाम्या रानांत पक्षी नेण्याचं कामही चालतं. शरद ऋतूत, संध्याकाळी पक्षी आपापल्या भोकात झोपायला शिरला की लांब काठीवरच्या जाळीने त्याला अलगद धरतात, रात्रभर गाडीने शेकडो किलोमीटर नेतात आणि नव्या रानातल्या खोक्यात ठेवून भोकावर जाळी लावतात. शेजारच्या झाडात असाच आणलेला दुसरा पक्षी, बहुतेक वेळा नर आणि मादी. पहाटे दोन्ही जाळ्या एकाच वेळी ओढून काढतात, म्हणजे बाहेर पडल्या पडल्या त्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो.

हे सगळं झालं तरी एक काम कधीच संपत नाही, ते म्हणजे आग. तोफगोळ्यांनी लागते तेवढी पुरत नाही. म्हणून फोर्ट ब्रॅगचे कर्मचारी रानाचे भाग पाडून, जाळरेषा काढून, प्रत्येक भाग साधारण तीन वर्षांनी स्वतः जाळतात. एकरामागे याइतकं स्वस्त काम दुसरं नाही. झुडपं कुऱ्हाडीने काढायची म्हटली तर कित्येक पट खर्च. आगीची वेळ मात्र वाऱ्यावर ठरते. सकाळी हवामान बघायचं, वारा शेजारच्या फेएटव्हिल शहराकडे किंवा महामार्गाकडे वाहत असेल तर त्या दिवशीचं जाळणं रद्द. आणि एखादा भाग असाच पाच-सहा वर्षं राहून गेला, तर ओक वाढून सुताराच्या भोकाच्या उंचीला येतात, आणि सुतार ते घर सोडून जातो. छावणीभोवती घरं वाढत आहेत. धुराचा वास सहन करणारे, आज जाळणार आहेत असं कळल्यावर खिडक्या लावून घेणारे शेजारी जितके जास्त, तितके जाळायला दिवस जास्त मिळतात. म्हणून हद्दीबाहेरची जी प्रत्येक शेतजमीन इमारतीखाली जायची वाचली आहे, तिने सुताराला दोनदा मदत केली आहे: एकदा रान म्हणून, आणि एकदा त्या बाजूला धूर जाऊ देणारी मोकळी जागा म्हणून.